जगण्याची हद्द आणि प्रजननाची हद्द

भाईंदर स्थानकाच्या पश्चिमेस उतरून उत्तनच्या रस्त्याला लागले, म्हणजे मुर्धा आणि राई ही गावे ओलांडल्यावर मोरवा लागते. तिवरांची दाटी, खाजणे, वस्ती आणि मधूनमधून मिठागरांचे चौकोनी वाफे, असा हा सारा मुलूख आहे. आणि या मुलखात मीठ पिकवीत आलेल्या आगरी माणसाला एक गोष्ट कोणत्याही शाळेत न शिकता ठाऊक असते, ती ही की, खाडीला खारे पाणी बारमास असले तरी मीठ काही बारमास पडत नाही. पाणी कोंडावे लागते, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवीत ते दाट करावे लागते, पाऊस सरून आकाश निवळावे लागते, वारा कोरडा असावा लागतो. आणि या सर्व गोष्टी एकाच मुदतीत जुळून आल्या तरच तळाशी खडा धरतो. अवकाळी एक सर आली, की महिन्याची मेहनत विरघळून जाते. समुद्रात वाढणाऱ्या मोठ्या शैवलांच्या वंशविस्ताराचा कारभार याच धर्तीवर चालतो. शैवल खडकावर हिरवेगार किंवा तपकिरी डुलत आहे एवढ्यावरून त्याचा वंश पुढे चालणार असे अनुमान काढणे, हे भरलेला वाफा पाहून मिठाची रास मोजण्यासारखेच आहे.

या विषयाचा उत्कृष्ट दाखला ज्या शैवलात सापडतो, ते केल्प आपल्या किनाऱ्यावर मात्र मुळीच उगवत नाही. केल्प हे पिंगल शैवलांतील लॅमिनेरिएलीझ या गणाचे व्यवहारातील नाव होय. शास्त्राच्या काटेकोर दृष्टीने ही मंडळी वनस्पतींच्या कुळातलीही नव्हेत. पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म डायाटमांशी त्यांचे नाते झाडाझुडपांपेक्षा अधिक निकटचे आहे. तथापि खडकाला घट्ट धरणारा बुडखा, त्यावर देठ आणि देठावर चामड्यासारखे लांबरुंद पाते, अशी त्यांची घडण असल्यामुळे पाहणाऱ्यास झाडांचीच आठवण होते. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील मॅक्रोसिस्टिस हे केल्प अनुकूल काळात दिवसाला अर्धा मीटर वाढू शकते आणि त्याची लांबी पंचेचाळीस मीटरांपर्यंत जाते. १८३४ साली दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी फिरत असताना डार्विनने या सागरी अरण्यांची तुलना उष्ण कटिबंधातील वनांशी केली होती, आणि ही अरण्ये नष्ट झाली तर त्यांच्या आश्रयाने जगणारे किती जीव लयास जातील याचा विचार त्याने नोंदवून ठेवला होता.

एवढ्या प्रचंड देहाच्या जीवाचे बीज कसे असते, हा प्रश्न मात्र फार काळ अनुत्तरित राहिला. केल्पच्या पात्यावर ठरावीक ऋतूत गर्द, चॉकलेटी रंगाचे, किंचित उठावदार डाग दिसू लागतात. या डागांत असंख्य बीजुके तयार होतात, हे पूर्वीच कळले होते. परंतु त्या बीजुकांपासून थेट नवे केल्प उगवत नाही. १९१५ साली कामील सोव्हाजो या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, पाण्यात सुटलेले बीजुक खडकावर बसून त्यापासून नुसत्या डोळ्यांना न दिसणारा एक सूक्ष्म तंतू वाढतो. यालाच गंतुकधारी पिढी म्हणतात. काही तंतू नर, काही मादी. मादी तंतूवर अंदुक, म्हणजे स्त्रीबीज, धरतो, नर तंतूतून रेतुके, म्हणजे पुंबीजे, सुटतात, त्यांचे मीलन होते, आणि मग त्या मीलनातून आपल्याला दिसणारे, मीटर मीटर वाढणारे केल्प जन्मास येते. म्हणजे समुद्रातील अरण्याच्या दोन पिढ्यांच्या मधे एक अदृश्य पिढी वस्तीला असते, आणि अरण्य राहील की जाईल याचा निकाल पुष्कळदा त्या अदृश्य पिढीच्या दप्तरातच लागत असतो.

या पिढीच्या अटी विलक्षण बारीक आहेत. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान असे हे बीजुक दोन कशाभिकांच्या बळावर काही तास पोहते आणि बहुधा जनकापासून काही मीटरांच्या आतच खाली बसते. वादळ असेल तर दूर वाहून जाते. पण दूर जाणे ही नेहमीच भाग्याची गोष्ट नव्हे. नर आणि मादी तंतू एकमेकांपासून दूर पडले, तर अंदुकाने पाण्यात सोडलेला लॅमॉक्सिरीन नावाचा गंधद्रव रेतुकापर्यंत पोचतच नाही. कारण या द्रवाचा अंमल मिलिमीटरभर अंतरापलीकडे फारसा चालत नाही. मॅक्रोसिस्टिसवरील प्रयोगांत असे आढळले की, खडकाच्या चौरस मिलिमीटरला निदान एक बीजुक बसले नाही, तर नवी रोपे जवळजवळ येतच नाहीत. अरण्य विरळ झाले, की उरलेली झाडे कितीही निरोगी असोत, त्यांची बीजुके एकमेकांना सापडेनाशी होतात. घटती लोकसंख्या आपल्याच घटीमुळे अधिक घटू लागते, ती अशी.

त्यानंतर प्रकाशाची अट येते. ल्यूनिंग आणि ड्रिंग या संशोधकांनी १९७० च्या दशकात सिद्ध केले की, केल्पच्या गंतुकधारी तंतूंना केवळ तांबडा प्रकाश दिला तर ते जगतात, वाढतात, परंतु अंदुक वा रेतुके धरीत नाहीत. निळ्या प्रकाशाचा पुरेसा हप्ता मिळाला, तरच ते फलनक्षम होतात. या एका गुणाचा प्रयोगशाळांनी मोठा उपयोग करून घेतला आहे. तांबड्या दिव्याखाली थंड पाण्यात हे तंतू वर्षानुवर्षे कुमारावस्थेत राखून ठेवता येतात आणि हवे तेव्हा निळ्या प्रकाशाने त्यांना जागे करता येते. निसर्गात याचा अर्थ असा की, पाणी स्वच्छ असेल तर निळा प्रकाश खोलवर उतरतो. पण खाडीचा गाळ आणि कुजक्या पानपातेऱ्याचा अर्क मिसळलेल्या पाण्यात सर्वांत आधी गिळला जातो तोही निळाच प्रकाश. गढूळ पाण्यात प्रकाश कमी पडतो एवढेच नव्हे, तर नेमका जो लागतो तोच कमी पडतो. त्यात पुन्हा अंदुक बाहेर पडण्याची वेळ उलटी आहे: तयार झालेले अंदुक अंधार पडताच, काही मिनिटांच्या आत सुटतात, आणि प्रकाश चालू असेल तर अडून राहतात. धारणेस प्रकाश पाहिजे, मुक्तीस अंधार पाहिजे. याशिवाय लोहाचा सूक्ष्म अंश नसेल तर काही जातींचे तंतू वाढूनही फळत नाहीत, आणि नत्राची वाण पडली तर रोपे जन्मूनही टिकत नाहीत. पण या दोन कलमांचा विस्तार येथे करीत नाही.

तपमानाची गोष्ट मात्र अधिक बारकाईने पाहण्यासारखी आहे, कारण या लेखाचा सारा भर तिच्यावर आहे. कोणताही जीव विशिष्ट उष्म्यापलीकडे मरतो, हे सर्वांना मान्य आहे. परंतु मरण्याच्या कितीतरी आधी तो प्रजननक्षम राहत नाही, हे ध्यानात घेतले जात नाही. जर्मनीजवळच्या हेल्गोलँड बेटाभोवतीच्या लॅमिनेरिया डिजिटाटाचे संशोधन या दृष्टीने बोलके आहे. पाणी पाच ते दहा अंश सेल्सिअस असताना त्याच्या पात्यांवर बीजुकांचे डाग झपाट्याने धरतात; ते अठरा-एकोणीस अंशांकडे सरकले, की पाते जिवंत असते, हलत असते, पण डाग धरणे खुंटते. उत्तर समुद्रातील उन्हाळ्याचे पाणी अलीकडे त्याच हद्दीपर्यंत पोचू लागले आहे. किनाऱ्यावर उभे राहून पाहणाऱ्यास काहीच बिघडलेले दिसणार नाही. बिघाड खातेवहीत आधी आणि मैदानात नंतर उतरतो.

ऋतूची जाणीव केल्पला केवळ पाण्याच्या गारव्याने होते असेही नाही. काही जातींत दिवस लहान होऊ लागले, की डाग धरण्यास प्रारंभ होतो. म्हणजे पंचांगही त्यांना कळते. आणखी एक मौजेची गोष्ट अशी की, पात्याच्या बुडाशी, जेथे अहोरात्र वाढ चालू असते, तेथून वरच्या भागाकडे प्रजननास मनाई करणारा काही द्रव्याचा हुकूम जात असावा. पात्याचा वरचा तुकडा बुडापासून कापून वेगळा ठेवला, तर तो लवकर फळतो. केल्पची लागवड करणारे लोक या गुणाचा सर्रास फायदा घेतात. फळलेले पाते पुसून, थंड काळोखात रात्रभर ओलसर राखून, सकाळी दहा अंशांच्या समुद्रपाण्यात बुडवले, म्हणजे थोड्याच वेळात त्या पाण्यात तपकिरी धुरळा पसरताना दिसतो. तो धुरळा म्हणजे लक्षावधी बीजुके. वाढ आणि वंश हे दोन्ही कारभार एकाच वेळी पूर्ण जोमाने चालवणे या जीवाला साधत नाही.

मनुष्याने ही हद्द युक्तीने ओलांडल्याचे उदाहरण चीनमध्ये सापडते. जपानी केल्प चिनी किनाऱ्यावर मुळात नव्हते. ते १९२७ च्या सुमारास दालियनच्या बंदरात येऊन पोचले. अडचण अशी होती की, शरदात रोपे समुद्रात लावावीत तर ती लहान राहत, आणि वसंतानंतर पाणी तापू लागताच हंगाम संपे. १९५० च्या दशकात शास्त्रज्ञ त्सेंग आणि त्यांचे चिंगदाओ येथील सहकारी यांनी तजवीज केली ती अशी: उन्हाळ्यातच बीजुके गोळा करावीत, काचेच्या छपराखाली आठ-दहा अंशांपर्यंत गार केलेल्या पाण्यात दोऱ्यांवर त्यांची रोपे वाढवावीत, आणि शरदात समुद्राचे पाणी वीस अंशांखाली उतरताच ती वाढलेली रोपे बाहेर न्यावीत. ज्या नाजूक पिढीला समुद्राचा उन्हाळा सोसत नव्हता, तिच्यासाठी जमिनीवर एक कृत्रिम हिवाळा उभारला गेला. पुढे ही लागवड दक्षिणेस फूजिएनपर्यंत उतरली, आणि आज जगातील जपानी केल्पचे उत्पादन ओल्या वजनाने वर्षाला एक कोटी टनांहून अधिक आहे. त्यातील फार मोठा भाग चीनचा आहे.

आता आपल्या समुद्राकडे वळावे. कोकणचे किनाऱ्यालगतचे पाणी ऐन पौषातही सुमारे पंचवीस अंशांखाली क्वचितच उतरते, आणि वैशाखात तीसच्या आसपास जाते. तेव्हा केल्पची अदृश्य पिढी येथे फळण्याची आशा नाही. परंतु अरबी समुद्रात केल्प कधीच नव्हते असे मात्र म्हणता येत नाही. समोरच्या काठावर, ओमानच्या धोफार प्रांतात, एकलोनिया रेडिएटा नावाचे केल्प १९८० च्या दशकातील पाहण्यांत आढळले होते. आश्चर्य वाटावे असे कारण त्यामागे होते. जो नैर्ऋत्य मोसमी वारा जून ते सप्टेंबरात आपल्याकडे पाऊस आणि गाळ आणतो, तोच वारा धोफारच्या किनाऱ्याला समांतर वाहून वरचे ऊन पाणी बाहेर ढकलतो, आणि तळाचे थंड, नत्रयुक्त पाणी वर उचलतो. एकाच वाऱ्याने एका काठावर थंड पाण्याचा हंगाम निर्माण केला आणि दुसऱ्या काठावर खडकांना गढूळ गोड्या पाण्याचा मारा दिला. उष्ण कटिबंधाच्या मधोमध ते केल्प त्या चार महिन्यांच्या मेहेरबानीवर जगत होते.

हा भूतकाळ मुद्दाम वापरला आहे. २०२२ साली ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधानुसार, शोध घेऊनही ते केल्प तेथे पुन्हा आढळले नाही. वाळवून जपलेल्या जुन्या नमुन्यांतून त्याचे आनुवंशिक द्रव्य काढून तपासले, तेव्हा त्याची वंशशाखा जगात इतरत्र न सापडणारी, आणि अंतर्गत विविधता अतिशय तोकडी होती असे दिसून आले. याच जातीने २०११ साली पश्चिम ऑस्ट्रेलियातही असाच फटका खाल्ला. उष्ण पाण्याची लाट आली, किनाऱ्याच्या उत्तर भागातील सुमारे शंभर किलोमीटर पट्टा उजाड झाला, आणि लाट ओसरल्यावर ते अरण्य परतले नाही; कारण मोकळ्या खडकांवर बुटक्या शैवलांची गालिचाप्रमाणे दाट गर्दी झाली, आणि उष्ण समुद्रातून सरकत आलेल्या माशांनी उगवते अंकुर खाऊन टाकले. तपमान पूर्ववत झाल्याने वंश पूर्ववत होतोच असे नाही, ही गोष्ट तेथून शिकण्यासारखी आहे.

कोकणात केल्पची जागा ज्या पिंगल शैवलाने घेतली आहे ते सरगॅसम. हवा भरलेल्या मण्यांसारख्या गाठी, दातेरी पाने आणि फांद्यांची झुडुपासारखी रचना यांवरून ते मालवण, रत्नागिरी किंवा गोव्यातील अंजुणेच्या खडकांवर सहज ओळखू येते. मुंबई इलाख्याच्या किनाऱ्यावरील शैवलांचा शास्त्रीय अभ्यास १९२७-२८ च्या हिवाळ्यात येथे आलेल्या फ्रेडरिक ब्योर्गेसेन या डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञाने केला. पुढे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील उंटवाले, धारगळकर आदी संशोधकांनी हे काम चालवून १९८३ साली भारतीय सागरी शैवलांची यादीच प्रसिद्ध केली. सरगॅसमचे वार्षिक वेळापत्रक असे की, पाऊस ओसरल्यावर खडकावर राहिलेल्या बुडख्यातून आणि नव्या अंकुरांतून वाढ सुरू होते, हिवाळ्यात फांद्यांच्या काखेत बारीक शेंगांसारखे प्रजनन-अवयव धरतात, आणि उन्हाळ्यात बहुतेक झुडूप झडून जाते. केल्पची अदृश्य पिढी येथे मुळी नाहीच. अंदुक फलित झाल्यावरही काही काळ मातेच्या शेंगेवरच चिकटून राहतो, तेथेच त्याला बारीक मुळ्या फुटू लागतात, आणि मग तो खाली पडतो. तरंगत फिरण्याचे धाडस टाळून त्याने निवडलेला हा मार्ग उष्ण आणि खवळत्या पाण्यात अधिक भरवशाचा ठरतो.

मात्र भरवशाचा म्हणजे सुरक्षित नव्हे. पडणाऱ्या अंकुराला उघडा खडक लागतो. खडकावर गाळाची पातळ साय जरी बसली असली, तरी त्याच्या मुळ्या गाळाला धरतात आणि पुढच्या लाटेबरोबर गाळासह निघून जातात. मोरवा-उत्तनच्या परिसरातील समुद्राचा विचार येथे करावासा वाटतो. उत्तरेस वसईच्या खाडीतून उल्हास नदीचा गाळ समुद्राला मिळतो, दक्षिणेस मनोरीची खाडी आहे, आणि मधल्या किनाऱ्याचे पाणी वर्षातील बराच काळ राखाडी राहते. मालवणच्या स्वच्छ पाण्यातील पिंगल शैवलांची समृद्धी या भागास मिळत नाही, याचा दोष तपमानास नव्हे तर गाळास द्यावा लागतो; तपमान दोन्हीकडे जवळजवळ सारखेच आहे.

याच किनाऱ्यावर पावसाळ्यालाच आपला हंगाम मानणारे एक तांबडे शैवल आहे, ते पोर्फिरा व्हिएटनामेन्सिस. जून ते सप्टेंबरात, जेव्हा इतर शैवले झोडपली जात असतात, तेव्हा कोकण-गोव्याच्या वरच्या खडकांवर त्याची कागदासारखी पातळ, जांभळट पाती दिसतात. पावसाळा संपला की ती नाहीशी होतात. ती जातात कुठे, या कोड्याचे उत्तर त्याच्या युरोपीय भावंडामुळे मिळाले. मँचेस्टरच्या कॅथलीन ड्र्यू यांनी १९४९ साली ‘नेचर’मध्ये दाखवून दिले की, स्वतंत्र जात समजले जाणारे, शिंपल्यांच्या कवचांत शिरून राहणारे गुलाबी तंतू ही पोर्फिराचीच दुसरी पिढी होय. जपानमध्ये नोरीची लागवड करणारे तोवर बीजासाठी समुद्राच्या लहरीवर अवलंबून होते. या शोधामुळे कालवांच्या कवचांत बीज तयार करण्याची पद्धत रूढ झाली, आणि कृतज्ञतेने जपान्यांनी १९६३ साली कुमामोतो प्रांतात त्यांचे स्मारक उभारले. बाईंनी स्वतः जपान कधी पाहिला नाही.

उत्तन-पालीच्या कोळ्यांना उधाण आणि भांग यांचा हिशेब ज्याप्रमाणे तोंडपाठ असतो, त्याप्रमाणेच डिक्टिओटा नावाच्या दुफाट्या पट्ट्यांच्या शैवलालाही तो असतो. त्याची अंदुके पंधरवड्याच्या अंतराने, भरती-ओहोटीच्या चक्राशी जुळवून, एकदमच सुटतात. आणि १९६२ साली म्युलर या शास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत एका रात्रीपुरते कृत्रिम चांदणे दिल्याबरोबर ते शैवल घड्याळ लावल्यासारखे त्या तारखेपासून मोजू लागले.

या साऱ्या विवेचनाचा आजच्या व्यवहाराशी संबंध आहे, कारण सागरी शेवाळाची शेती हा सध्या सरकारदरबारी उत्साहाचा विषय आहे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत तिच्यासाठी ६४० कोटी रुपयांची तरतूद झाली. परंतु आपल्याकडील शेतीचा मोठा भाग कापाफायकस या एका परदेशी तांबड्या शैवलावर उभा आहे. भावनगरची केंद्रीय मीठ व सागरी रसायने संशोधन संस्था, जिच्या नावातच मीठ आणि समुद्र हे दोन्ही शेजार एकत्र आले आहेत, तिने १९८४ मध्ये ते भारतात आणले. आणि तेव्हापासून त्याची लागवड बीजाने नव्हे, तर तुकडे दोरीला बांधून होत आली आहे. म्हणजे ज्या प्रजननाच्या अटींची एवढी चर्चा आपण केली, ते प्रजनन या शेतीत बहुतांशी घडतच नाही. एकाच झाडाच्या तुकड्यांनी भरलेल्या रानात एकाच रोगाने किंवा एकाच उष्ण लाटेने सारे जाण्याचा धोका असतो. २०१३ नंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर त्याची मोठ्या प्रमाणात मर होऊन उत्पादन कोसळले, त्याचा अनुभव ताजा आहे.

म्हणून कोकणात शेवाळाचा व्यवसाय करू इच्छिणाऱ्यांना तीन विनंत्या आहेत. सरगॅसम कापायचे असल्यास त्याच्या शेंगा धरून, बीज सुटून गेल्यावर, हिवाळा उतरणीस लागल्यावर कापावे. खडकावरचा बुडखा ओरबाडू नये, पुढच्या वर्षीची फूट त्यातूनच येते. आणि नवे क्षेत्र निवडताना तेथे शेवाळ आज किती दिसते हे मोजण्याआधी, गाळ किती बसतो आणि डिसेंबर-जानेवारीत फांद्यांवर शेंगा धरतात की नाही, हे प्रत्यक्ष ओहोटीच्या वेळी खडकावर उतरून पाहावे.